बडी गाडी, चार इंजिने: डिझेल घ्यावे की हायब्रिड?

रेंज रोव्हर किंवा पोर्श कायेन यांसारख्या मोटारी आपल्या वाचकांपैकी किती जण शोरूममधून नव्या घेणार, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे: बोटावर मोजण्याइतके. मग व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी? कारण शोरूममधून निघालेली गाडी पहिल्या मालकाकडे कायम राहत नाही. पाच-सात वर्षांत ती हात बदलते, किंमत पार उतरते, आणि मग ती पनवेल-कळंबोलीच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे, अलिबाग-मुरूडच्या गॅरेजात किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या म्हसळा-श्रीवर्धनच्या एखाद्या भावाच्या अंगणात येऊन उभी राहते. तिच्यावर दलालाची दलाली, मिस्त्रीची मजुरी, पेंटरचे काम आणि घेणाऱ्याची आयुष्याची बचत अवलंबून असते.

पूर्वी सौदा करताना मॉडेल कोणते, किती किलोमीटर चालली आणि कागद साफ आहेत का, एवढे विचारले की झाले. आता तेवढ्यावर भागत नाही. एकाच नावाची, एकाच आकाराची गाडी पेट्रोल, डिझेल, हायब्रिड आणि बाहेरून चार्ज करायची हायब्रिड अशा निरनिराळ्या इंजिनांत निघते. बाहेरून पाहिले तर फरक मागच्या दोन अक्षरांचा. आतमध्ये मात्र देखभालीचा सगळा हिशेब वेगळा. हा हिशेब न समजता दोन कोटींची गाडी वीस-पंचवीस लाखांत मिळाली म्हणून खूश होणारा माणूस वर्षभरात दुरुस्तीच्या बिलाने रडकुंडीला येतो.

हे इंजिनांचे प्रकार आले कसे, ते आधी थोडक्यात पाहू.

रेंज रोव्हर १९७० साली इंग्लंडात आली ती पेट्रोलच्या मोठ्या व्ही-८ इंजिनावर. डिझेलचे इंजिन तिला १९८६ साली बसले. पोर्श ही तर शर्यतीच्या मोटारींची कंपनी. तिने २००२ साली कायेन ही पहिली एसयूव्ही काढली, २००९ मध्ये तिला डिझेल इंजिन दिले आणि २०१० मध्ये हायब्रिड. वेगाच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने डिझेल वापरावे याचे तेव्हा जुन्या ग्राहकांना फार वाईट वाटले होते. पण युरोपात धुराच्या प्रमाणावर कर लागू लागला होता, आणि जड गाडी कमी तेलात पळवायची तर डिझेलशिवाय सोपा मार्ग नव्हता. पुढे २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा धूर-चाचणीतील घोटाळा उघडकीस आला. पोर्श ही त्याच समूहातली. २०१८ मध्ये तिने डिझेलला कायमचा रामराम ठोकला. म्हणजे जेमतेम दहा वर्षांत एका कंपनीने डिझेल आणले आणि सोडूनही दिले. त्या काळातील डिझेल कायेन आज जुन्या बाजारात दिसतात, त्या घेणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा.

रेंज रोव्हरचे तसे झाले नाही. ही कंपनी २००८ साली टाटांनी फोर्डकडून २३० कोटी डॉलरना घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरच्या काही गाड्यांची जुळणी सुरू झाली. २०१३ मध्ये कंपनीने डिझेल आणि विजेची मोटर एकत्र बसवलेली रेंज रोव्हर तयार केली, आणि तिची परीक्षा म्हणून इंग्लंडातील सोलिहल कारखान्यापासून थेट मुंबईपर्यंत ती रस्त्याने चालवत आणली. जुन्या रेशीम मार्गाने दहा हजार मैलांहून अधिक प्रवास झाला. आमच्या मते कोणत्याही जाहिरातीपेक्षा ही चाचणी बोलकी होती. उंच डोंगर, वाळवंट आणि हलक्या प्रतीचे तेल या तिन्हींतून गाडी पार झाली.

त्यानंतरची मोठी घडामोड २०२४ च्या मे महिन्यातील. चोपन्न वर्षे फक्त सोलिहलमध्ये बनणारी रेंज रोव्हर आणि तिची धाकटी बहीण रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणी पुण्यात करण्याचे जाहीर झाले. पूर्ण तयार गाडी बोटीतून आणली तर शंभर टक्क्यांच्या घरात आयात शुल्क पडते. सुटे भाग आणून इथे जोडले तर त्याहून पुष्कळ कमी. त्यामुळे रेंज रोव्हर २ कोटी ३६ लाखांपासून आणि स्पोर्ट १ कोटी ४० लाखांपासून मिळू लागली. पुण्यात जोडण्यासाठी कंपनीने निवडली ती दोन इंजिने, तीन लिटरचे पेट्रोल आणि तीन लिटरचे डिझेल. चार्जिंगची हायब्रिड या यादीत नव्हती. देशात कोणत्या इंजिनाला खप आहे याचा अंदाज यावरून बांधता येतो.

चार प्रकार, चार स्वभाव

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या दाबामुळे तेलाचा अधिक उपयोग होतो आणि कमी फेऱ्यांतच जोर मिळतो. पुण्यात जोडलेल्या स्पोर्टचेच आकडे पाहा. पेट्रोल इंजिनाची ताकद ४०० अश्वशक्ती, डिझेलची ३५० च्या आसपास. पण ओढण्याचा जोर पेट्रोलचा ५५० न्यूटन-मीटर आणि डिझेलचा ७००. कशेडी किंवा ताम्हिणी घाटात भरल्या गाडीने चढ घेताना जो उपयोगी पडतो तो हा दुसरा आकडा. शोरूममध्ये मात्र पहिल्याचीच जाहिरात होते.

हायब्रिड या शब्दाने बाजारात बराच गोंधळ माजवला आहे. एक असते सौम्य हायब्रिड. तिच्यात ४८ व्होल्टची छोटी बॅटरी आणि पट्ट्यावर चालणारी मोटर असते. गाडी हळू होताना ती थोडी वीज साठवते आणि निघताना इंजिनाला हात देते. ही मोटर एकटी गाडी ओढत नाही. पुण्यात जोडली जाणारी डिझेल रेंज रोव्हर या अर्थाने ‘हायब्रिड’च आहे, पण दलालाने तो शब्द उच्चारून लाखभर रुपये जास्त मागितले तर देण्याचे कारण नाही. आपल्याकडे मारुतीने २०१५ मध्ये डिझेल सियाझवर असाच ‘हायब्रिड’ चा शिक्का लावला होता, आणि सौम्य हायब्रिडला मिळणारी केंद्राची सवलत २०१७ मध्ये काढून घेण्यात आली, हे जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल.

दुसरी खरी हायब्रिड. तिच्यात इंजिन आणि मोटर दोन्ही चाके फिरवू शकतात. बॅटरी सौम्य हायब्रिडपेक्षा पुष्कळ अधिक दाबाची. ती बाहेरून चार्ज करावी लागत नाही. ब्रेक लावताना आणि उतारावर जी ताकद एरवी उष्णता होऊन वाया जाते तीच बॅटरीत भरली जाते. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड व्हिटारा या या जातीच्या. तिसरी, बाहेरून चार्ज करायची हायब्रिड, हिची बॅटरी आणखी मोठी. रेंज रोव्हर स्पोर्टची अशी पहिली आवृत्ती दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनावर आणि १३ युनिटच्या बॅटरीवर होती, नंतरच्या आवृत्तीत बॅटरी ३८ युनिटची झाली. रोज रात्री घरी चार्ज केली तर शहरातल्या शहरात ती पेट्रोलला जवळजवळ हात लावत नाही. पण चार्ज करायचा कंटाळा केला तर काय होते? काही क्विंटल वजनाची बॅटरी आणि मोटर विनाकारण ओढणारी ती एक पेट्रोल गाडी होते. घेणारे बहुतेक जण इथेच फसतात.

हिशेब वहीत मांडून पाहू

डिझेल स्वस्त, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे, आणि तिला कारण आहे. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर सरकारने बाजारावर सोडले आणि हे अंतर आटत गेले. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे आणि डिझेल ९० च्या घरात, म्हणजे फरक तेरा-चौदा रुपयांचा.

समजा, एक कोटीची मोठी गाडी पेट्रोलवर लिटरला ७ किलोमीटर आणि डिझेलवर १० किलोमीटर देते. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरले तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १४ रुपये ८६ पैसे आणि डिझेलचा ९ रुपये. वाचले ५ रुपये ८६ पैसे. आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात खासगी गाडीच्या एकरकमी करात डिझेलवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त पडतात. वीस लाखांवरील गाडीला पेट्रोल १३ टक्के, डिझेल १५ टक्के. एक कोटीवर हे दोन लाख रुपये झाले. ते तेलातून भरून यायला गाडी चौतीस हजार किलोमीटर पळवावी लागेल. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे ते दीड वर्षात वसूल होतात. वर्षाला चार हजार चालवणाऱ्याला साडेआठ वर्षे लागतात, आणि तोपर्यंत गाडी विकून झालेली असते. २०२५ मध्ये या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख करण्यात आली, तेव्हा सर्वात महाग गाड्या घेणाऱ्यांची सुटका पूर्वीइतकी स्वस्तात होत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला मात्र हा कर पहिल्याच मालकाने भरलेला मिळतो. महाराष्ट्र पासिंगची जुनी डिझेल गाडी हिशेबात पुढे येते ती इथे.

जीएसटीचा बदल याहून महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के लागत, खऱ्या हायब्रिडवर ४३ टक्के. त्या तारखेपासून सेस गेला आणि मोठ्या गाड्यांना, मग ती डिझेल असो वा हायब्रिड, सरसकट ४० टक्के झाले. विजेच्या गाडीवर पूर्वीप्रमाणेच ५ टक्के राहिले. म्हणजे डिझेलचे दहा टक्के उतरले आणि हायब्रिडचे अवघे तीन. हायब्रिडला सरकारने दिलेला जो सात टक्क्यांचा टेकू होता तो निघाला. रेंज रोव्हरच्या काही मॉडेलांची किंमत त्या वेळी तीस लाखांपर्यंत उतरली. ग्राहकाला आनंद झाला, पण ज्या व्यापाऱ्याने ऑगस्टमध्ये जुन्या चार मोठ्या गाड्या उचलून ठेवल्या होत्या त्याचे काय झाले असेल, याचा विचार करावा. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच रात्री पडतो. मोठ्या गाडीत भांडवल अडकवून बसणे धोक्याचे आहे असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात ब्रिटनहून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. ही सवलत आधी मोठ्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांना मिळणार. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षे नाही. तेव्हा येत्या काही वर्षांत न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरणाऱ्या विलायती गाड्यांतही पारंपरिक इंजिनाचेच पारडे जड राहील, असा आमचा अंदाज आहे.

आपल्या किनाऱ्यावर कोणाला काय चालेल

इंजिन चांगले की वाईट हे कागदावर ठरत नाही, रस्त्यावर ठरते. रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या गाडीची तीन प्रकारची गिऱ्हाइके आहेत, आणि तिघांना तीन वेगळी इंजिने लागतात.

पहिला मुंबईचा बंगलेवाला. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि गाडी बोटीत चढवून तासाभरात पलीकडे उतरण्याची सोय झाली. २०२४ च्या जानेवारीत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि पुलावरून पेणमार्गे येणेही सोपे झाले. रो-रोने येणाऱ्याची गाडी शनिवारी धक्क्यावर उतरते, सासवणे, आवास किंवा किहीमपर्यंत जाते, दोन दिवस उभी राहते आणि परत जाते. एवढ्याशा चालीत डिझेल गाडीचे मोठे नुकसान होते, आणि ते गाडी विकताना दिसत नाही.

कारण असे. डिझेलच्या धुरातील काजळी अडवण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात एक जाळीचा डबा असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि हा डबा सर्वत्र दिसू लागला. विलायती गाड्यांत तो त्याआधीपासून आहे. डबा काजळीने भरत आला की इंजिन जादा डिझेल फवारून त्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एका दमात, बऱ्यापैकी वेगाने पळावी लागते. मांडवा ते आवास यात ते कधी होत नाही. प्रत्येक वेळी जाळण्याचे काम अर्धवट राहते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि टर्बो, बेअरिंग यांची झीज सुरू होते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ‘ऑइल खात नाही, उत्तम गाडी’ असे समजू नये. त्यात डिझेल मिसळले आहे.

म्हणून सांगावेसे वाटते की, आठ वर्षांत फक्त पंचवीस हजार किलोमीटर चाललेली डिझेल रेंज रोव्हर ही लॉटरी समजू नका. तेवढ्याच वर्षांत ऐंशी हजार किलोमीटर महामार्गावर चाललेली गाडी पुष्कळदा तिच्यापेक्षा निरोगी निघते. अशा बंगलेवाल्याने चार्ज करायची हायब्रिड घेतली आणि बंगल्यावर प्लग बसवला तर ती त्याला योग्य. वडखळ नाक्यापासून अलिबागपर्यंत शनिवारी जी रांग लागते तिच्यात हायब्रिडचे इंजिन बंद राहते आणि गाडी विजेवर सरकते. डिझेल मात्र उभ्या-उभ्या धूर आणि तेल दोन्ही जाळते.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे रोज धंद्यासाठी फिरणारा. म्हसळा, श्रीवर्धन, माणगावहून आखातात जाणाऱ्यांना मुंबईच्या विमानतळावर पोहोचवणारे टुरिस्टवाले, मासळीचे आणि आंब्याचे व्यापारी, महाड-पुण्याकडे सतत ये-जा करणारे कंत्राटदार. एका खेपेला दीडशे-दोनशे किलोमीटर, गाडी भरलेली. इथे डिझेलला तोड नाही, असे आम्ही काही वर्षांपूर्वी डोळे झाकून म्हटले असते. आज टोयोटाचे उदाहरण विचार करायला लावते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने इनोव्हा हायक्रॉस काढली, त्यात डिझेल ठेवलेच नाही. पण पुढच्याच वर्षी जुनी इनोव्हा क्रिस्टा पुन्हा बाजारात आणली ती फक्त डिझेलवर. एकच कंपनी, एकच नाव, दोन गिऱ्हाइके. समजा, क्रिस्टा लिटरला साडेबारा किलोमीटर देते आणि हायक्रॉस हायब्रिड सोळा. वरच्याच दराने डिझेलचा खर्च ७ रुपये २० पैसे आणि हायब्रिडचा साडेसहा रुपये. हायब्रिड पुढे निघते. मात्र मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने पळताना ब्रेकच लागत नाहीत, बॅटरी भरायला काही मिळत नाही, आणि हे अंतर कमी होते. शहरात शिरल्यावर ते पुन्हा वाढते. घाटाच्या उतारावरही हायब्रिडचा फायदा बॅटरी भरेपर्यंतच. ज्याचा बहुतेक प्रवास पनवेलच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर आणि भरल्या गाडीने होतो त्याने डिझेल सोडण्याची घाई करू नये. ज्याच्या खेपा मुंबईच्या गर्दीत जातात त्याने हायब्रिड चालवून पाहावी. तिच्या बॅटरीवर टोयोटाची आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते, तेव्हा बॅटरीच्या भीतीनेच मागे हटण्याचे कारण नाही. जुनी घेताना त्या हमीची किती वर्षे उरली ते पाहावे.

तिसरे गिऱ्हाईक खास आपल्या भागातले. कुवेत, कतार, सौदीत नोकरीला असलेला भाऊ गावी महिना-दीड महिना येतो, मोठी गाडी घेतो आणि उरलेले दहा महिने ती अंगणात आच्छादनाखाली उभी. घरातले कोणी आठवड्याला एकदा चालू करतात, पाच मिनिटे ठेवतात आणि बंद करतात. त्यांचा हेतू चांगला, पण डिझेल गाडीला यासारखी वाईट सवय दुसरी नाही. नुसते उभे ठेवून चालू करण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा अर्धा तास महामार्गावर नेणे बरे. हायब्रिडही अशी पडून राहिली तर तिची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि मग दरवाजेसुद्धा उघडायला त्रास देतात. मोठी बॅटरीही हळूहळू उतरते. खाऱ्या दमट हवेत जोडण्या गंजतात, उंदीर वायरी कुरतडतात. आमचे स्पष्ट मत असे की, दहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी साधे पेट्रोल इंजिन सर्वात कमी कटकटीचे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल ओढून घेते, म्हणून अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवू नये. आखातात खासगी गाड्या बहुतेक पेट्रोलवर पाहिलेल्या असतात, त्यामुळे ही शिफारस त्या भावाला पटायलाही सोपी जाते.

जुन्या सौद्यात काय पाहावे

दिल्ली पासिंगच्या मोठ्या डिझेल गाड्या आपल्याकडे स्वस्त येतात, याचे कारण गुप्त नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे त्यावर पुन्हा सुनावण्या झाल्या, पण मालकांनी गाड्या बाहेर काढण्याचा सपाटा लावला तो लावलाच. अशी गाडी घेताना भावात तेथील आरटीओचे ना-हरकत पत्र, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, बाकी असलेली चलाने आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर ही सगळी रक्कम मिळवावी आणि मगच ‘स्वस्त’ म्हणावे. बयाणा देण्यापूर्वी ना-हरकत पत्र हातात घ्यावे.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ सहसा धुतली जात नाही. २००५ आणि २०२१ च्या जुलैतले महाडचे पाणी आपण पाहिले आहे, तेव्हा हे वेगळे सांगायला नको. हायब्रिडमध्ये ही तपासणी दुप्पट महत्त्वाची, कारण मोठी बॅटरी पुष्कळदा सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी, म्हणजे पाणी जिथे आधी पोहोचते तिथेच असते. गाडी कधी काशीद किंवा नागावच्या वाळूत, समुद्राच्या पाण्यात नेली होती का, हे खालून टॉर्च मारून बघावे. खारे पाणी लागलेले नटबोल्ट खोटे बोलत नाहीत.

व्यापाऱ्यांसाठी एक सूचना. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या गाडीच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. मोठ्या गाड्यांना हा दर आधीपासून होता, २०२५ च्या सुरुवातीपासून तो लहान आणि विजेच्या गाड्यांनाही आला. वीस लाखांना घेतलेली गाडी साडेएकवीसला विकली तर दीड लाखावर कर २७ हजार. तोटा झाला तर कर नाही. मात्र खरेदीचा कागद नसेल तर नफा किती हे सिद्ध करता येत नाही, म्हणून तोंडी सौदे बंद करावेत.

गॅरेजवाल्यांसाठी

डिझेल पंप आणि नोझल यांच्या कामात आपल्या कारागिरांचा हात धरणारे कमी आहेत. तो हात रिकामा होणार का, ही भीती बोलून दाखवली जाते. आमच्या समजुतीप्रमाणे पुढची दहा-पंधरा वर्षे तरी जुन्या डिझेल गाड्या दुरुस्तीला येत राहतील, आणि पूर्वीपेक्षा जास्त येतील, कारण त्यांच्यात बिघडण्यासारख्या वस्तू वाढल्या आहेत. पण हातोडी-पान्यावर काम भागणार नाही. स्कॅनर नसलेला मिस्त्री बीएस-६ गाडीत अंधारात चाचपडतो. पहिली गुंतवणूक रंगरंगोटीत न करता स्कॅनरमध्ये करावी.

भरलेला डीपीएफ कापून पोकळ करून देण्याचे काम कोणी सांगितले तर हात जोडावेत. तसा बदल कायद्यात बसत नाही, धूर-तपासणीत गाडी अडकते आणि पुढच्या बिघाडाचे खापर गॅरेजवर फुटते. तो काढून साफ करता येतो, आणि या कामाला मजुरीही चांगली आहे.

हायब्रिडला हात लावण्यापूर्वी मात्र थांबावे. नारिंगी रंगाच्या जाड वायरी म्हणजे जीव घेणारा दाब. इंजिन बंद दिसले तरी गाडी चालू असू शकते, कारण मोटर आवाज करत नाही. कंपनीने दिलेला सर्व्हिस प्लग काढायचा, त्यानंतर पुस्तकात सांगितलेली मिनिटे थांबायचे, मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करायची आणि हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालूनच पुढे जायचे. हातमोज्याला टाचणीएवढे भोक असेल तर तो फेकून द्यायचा. घरच्या वायरिंगचे काम येते म्हणून हेही येईल, असे समजणारा वायरमन स्वतःच्या मुलाबाळांशी खेळतो. आयटीआयमध्ये आता विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेड आहे. गॅरेजात शिकत असलेल्या पोरांपैकी एकाला तरी तिथे घालावे. जवळच्या आयटीआयमध्ये तो चालतो का, याची चौकशी जून उजाडण्यापूर्वी करावी.

सुटे भाग विकणाऱ्यांना एक छोटा पण चालणारा माल सुचवतो. बीएस-६ च्या बऱ्याच डिझेल गाड्यांत, ट्रकांत आणि बसमध्ये धुरावर फवारण्यासाठी युरियाचे द्रावण लागते. त्याला डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणतात. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया, बाकी पाणी. ते संपले तर गाडी चेतावणी देते आणि अखेर पुन्हा चालूच होत नाही, त्यामुळे महामार्गावरच्या दुकानात गिऱ्हाईक भाव करत बसत नाही. डब्यावर आयएसओ २२२४१ हा क्रमांक आणि तारीख पाहून माल भरावा, तो उन्हात ठेवू नये, आणि शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून स्वस्त माल बनवून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. त्या द्रावणाने हजारो रुपयांचा पंप आणि सेन्सर एका महिन्यात निकामी होतो, आणि डबा कोणत्या दुकानातून घेतला हे गिऱ्हाईक विसरत नाही.